पाचवं हळकुंड

पहिली मूठ

तांब्यात चार सुपाऱ्या निघाल्या. मत देणारी माणसं पाच होती.

योगिनीने तांब्या उपडा करून तळाला थाप मारली. ताटात पडलेले तांदूळ बोटांनी पसरून बघितले. चारच. मग तिने शेजारचा स्टीलचा डबा उपडा केला. त्यातून हळकुंडं पडली. तीही चार.

"एक सुपारी कमी," रवींद्र म्हणाला.

"आणि एक हळकुंडही," सुचित्रा म्हणाली.

"म्हणजे कुणीतरी दोन्ही मुठी रिकाम्या घातल्या," धनेश म्हणाला आणि हसला. हे हसणं त्याला महागात पडणार होतं.

विनीता काही बोलली नाही. ती आठ महिने कमीच बोलत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शामकांत उठले आणि टेबलावरचे चहाचे कागदी कप गोळा करू लागले. काही हरवलं की बाकीचे बोलायला लागत, शामकांत आवरायला लागत. तीस वर्षं त्यांनी बंदरात सर्व्हेअरचं काम केलं होतं. जहाजातून माल कमी उतरला की तो कुठे गेला हे शोधून काढायचं काम. पांढऱ्या कपांवर पिवळी बोटं उमटली होती.

"गौरीच्या ताटातली हळकुंडं होती हो, हळदीत लोळलेली," योगिनी म्हणाली. "सगळ्यांचे हात पिवळे केले मी."

एक कप मात्र स्वच्छ होता. शामकांतांनी तो बाकीच्यांत घातला आणि सगळे कचऱ्यात टाकले.

सप्टेंबर २०१५. सुमात्रात जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर सिंगापूरभर पसरला होता. योगिनीच्या काँडोच्या चौदाव्या मजल्यावरून समोरची इमारतही दिसत नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी देशाची निवडणूक होऊन गेली होती. या सहा जणांत तिथे मत होतं एकट्या शामकांतांना. त्यांनी नागरिकत्व घेतलं होतं. बाकीचे वर्क पासवर, नाहीतर पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. इथे मत नाही, आणि तिकडे पुण्यातल्या यादीत नाव असलं तरी मत द्यायला विमानाने कोण जातं? उरलं मराठी मंडळ. या माणसांना जगात एकच मत होतं आणि ते मंडळात होतं. म्हणून तिथे ती जीव खाऊन भांडत.

ओटा हा मंडळातला सहा जणांचा गट. वुडलँड्सच्या एका ब्लॉकखाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यावर, सिमेंटच्या बाकांवर सुरू झाला म्हणून ओटा. आता तो योगिनीच्या काँडोत सोफ्यावर भरत असे. नाव ओटाच राहिलं. दर दोन वर्षांनी मंडळाच्या निवडणुकीआधी ओटा जाहीर करायचा की अध्यक्षपदासाठी आमचा पाठिंबा कुणाला आणि घटनाबदलाच्या कुठल्या ठरावाला. मग सभेत तीन-चारशे लोक त्याप्रमाणे हात वर करायचे. ओट्याने नाकारलेला ठराव आजवर एकदाही मंजूर झाला नव्हता.

पद्धत अशी. प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर एक सुपारी, एक हळकुंड ठेवायचं. सुपारी म्हणजे पाठिंबा, हळकुंड म्हणजे विरोध. प्रत्येकाने हात मागे घेऊन दोन मुठी करायच्या. जे मत असेल ते तांब्यात, उरलेलं डब्यात. आवाजावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींच्या तळाशी तांदूळ. दुसऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, हा ओट्यावरचा सगळ्यात मोठा शिष्टाचार. सगळ्या सुपाऱ्या आल्या तर पाठिंबा. एक हळकुंड आलं, किंवा एक मत कमी पडलं, तरी पाठिंबा नाही.

यंदा मत एकाच गोष्टीवर होतं. योगिनी आणि तिचा ठराव. उमेदवार म्हणून ती स्वतः मत देत नव्हती, मतं उरलेल्या पाच जणांची. घर तिचं, म्हणून वाटपही तिनेच केलं होतं.

"उमेदवारच मतं वाटतोय!" धनेश तेव्हा म्हणाला होता. "आपल्याकडे निदान लपून वाटतात."

ठराव विनीतासाठी होता. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाचं असे आणि ते नवऱ्याच्या नावावर असे. विनीताचा नवरा प्रबोध जहाजावर चीफ इंजिनिअर होता. जानेवारीत जहाजावरच गेला. वर्ष संपलं की त्याचं नाव कटणार आणि त्याबरोबर विनीताही. सभासद नाही म्हणजे मंडळाचा मराठी वर्ग घेता येणार नाही. वुडलँड्सला दर शनिवारी वीस-बावीस मुलं तिच्याकडे यायची. त्या वर्गाखेरीज तिच्या आठवड्यात आता फारसं काही उरलं नव्हतं. योगिनीचा ठराव होता: नवऱ्यानंतर सभासदत्व बायकोच्या नावावर चालू राहील.

आणि तो ठराव एका सुपारीने पडला होता.

सगळे गेल्यावर योगिनीने शामकांतांना दारात थांबवलं. "काका, धनेशच आहे. ऑगस्टमध्ये तो काय बोलला होता आठवतंय? मेलेल्या माणसाच्या नावावर सभासदत्व कसं चालेल म्हणे. विनीताच्या समोर! तुम्ही फक्त सिद्ध करा. त्याला ओट्यावरून काढू, चौघांत पुन्हा मत घेऊ. सभा पुढच्या रविवारी आहे."

"आणि धनेश नसला तर?"

"दुसरं कोण असणार?" योगिनी म्हणाली.

दुसरी मूठ: धनेश

चांगी बिझनेस पार्कमध्ये धनेश एका बँकेच्या आयटीत मॅनेजर होता. दुपारी फूड कोर्टात तो प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी घेऊन आला. ही तिथली दाट, गोड कॉफी तो नळीने ओढायचा आणि कुणाकडेही गेला तरी स्वतःची पिशवी घेऊनच जायचा.

"विचारा, काका. जेवता जेवता फाशी द्या."

"तू सुपारी टाकलीस?"

"टाकली."

"पण तुला ठराव नको होता."

"नकोच होता. वुडलँड्सचा वर्ग बंद झाला असता तर तो इकडे आमच्या बाजूला आला असता. माझ्या पोरीला दर शनिवारी दीड तास एमआरटी ट्रेनमध्ये घालवायचा, का तर म्हणे मराठी! ती मला म्हणते, पप्पा, व्हाय मस्ट गो, सो फार लाह." त्याने नळी ओढली. "आणि ऑगस्टमध्ये मी जे बोललो ते वाईट बोललो. नियम म्हणून बोललो, पण ती समोर आहे हे विसरलो. माफी मागायला गेलो तर ती म्हणाली, असू दे, तुम्ही निदान तोंडावर बोललात."

"निदान?"

"असंच म्हणाली. मग काय टाकणार? सुपारी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा सुपारी दिली, काका, आणि तीही कुणाला तरी जगवायला."

शामकांत हसले नाहीत. "पुरावा?"

"पुरावा कुठून आणू? गुप्त मत आहे. पण डोकं वापरा ना जरा. मला पाडायचंच असतं तर हळकुंड होतं की हातात! तांब्यात सरकवलं असतं, ठराव आडवा, आणि कुणाला पत्ताही नाही. ते सोडून दोन्ही खिशात घालून घरी का नेऊ? आमटीत टाकायला?"

ट्रे उचलून तो निघाला. जाताना वळून म्हणाला, "योगिनीने व्हॉट्सअ‍ॅपवर कालच नवा ग्रुप काढलाय. पाच जणांचा. मला त्यात घेतलेलं नाही. तुम्ही आहात ना त्यात?"

शामकांत होते.

तिसरी मूठ: रवींद्र

(वन-नॉर्थ भागात, एका संशोधन संस्थेच्या लॉबीत. रवींद्र घाईत होता आणि प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर द्यायची त्याला सवय होती. म्हणून इथे उत्तरंच आहेत.)

सुपारी. अर्थात सुपारी.

नाही हो, मला कशाला विरोध असेल? योगिनी अध्यक्ष झाली की मी सचिव. उघड गोष्ट आहे. लिहून घ्या हवं तर.

धनेश. दुसरं कोण?

हां. ते मलाही खटकलं. हळकुंड टाकून काम झालं असतं. पण माणूस कधी कधी विरोधही धड करत नाही. नुसता काढता पाय घेतो.

माझ्या डावीकडे सुचित्रा, उजवीकडे विनीता. नाही, हाताकडे बघत नाही आपण. तुम्हीही बघत नाही.

हो, भयंकर हळद. हे बघा, नखात अजून आहे. लॅबमध्ये सगळे विचारतायत काय झालं.

चहा? घेतला की. आता कपाचं काय? शामकांतराव, तुम्ही चहाच्या कपांपर्यंत आलात! कप चावायची सवय आहे मला, कागदी असला की काठ कुरतडतो. बायको म्हणते, उंदराशी लग्न केलं.

विनीता? तिच्यावर कसला संशय? ठराव पडला तर तिचाच वर्ग जाणार. स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

बरं, येऊ? आणि ते सचिवपदाचं कुठे बोलू नका.

चौथी मूठ: सुचित्रा

सुचित्रा बोलायला भेटली नाही. तिने आवाजी निरोप पाठवले, एकामागून एक. मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या.

"काका, मी सुपारी टाकली, देवाशप्पथ. आणि माझा पांढरा कुडता गेला कामातून. हळदीचा हात पुसला मी त्याला, वेड्यासारखा. योगिनीला म्हटलं, अगं निदान पुसून तरी द्यायचीस."

"दुसरं म्हणजे तुम्ही कपाचं विचारलंत. माझ्या कपाला लिपस्टिक असतेच असते. शोभा असते माझ्या कपाची. पण का विचारताय?"

"आणि काका, मला धनेशचं खरं वाटतं. तो तोंडाचा फाटका आहे, पण चोर नाही. हे तुम्ही योगिनीला सांगू नका."

मग शिट्टी. मग शेवटचा निरोप.

"विनीताचं वाईट वाटतं हो. गौरींच्या हळदीकुंकवाला योगिनीने तिला बोलावलं नाही. म्हणजे वाईट मनाने नाही. म्हणाली, सगळ्या जणी हळद लावून घेणार आणि ती नुसती बघत बसणार, तिला किती त्रास होईल. त्यापेक्षा नंतर तिच्या घरी प्रसाद पाठवू. पाठवलाही. मीच घेऊन गेले. विनीताने डबा घेतला आणि मला विचारलं, त्रास कुणाला झाला असता गं? मी म्हटलं, पुरणपोळी गरम करून खा."

पाचवी मूठ

रिकामी.

ताट

शुक्रवारी संध्याकाळी शामकांत योगिनीच्या स्वयंपाकघरात उभे होते. ती चहा टाकत होती. बाहेर धूर थोडा विरळ झाला होता.

"सापडला?" तिने विचारलं.

"योगिनी, मी आठवडाभर एक चूक करत होतो. माल कमी उतरला की सर्व्हेअरने पहिला प्रश्न विचारायचा असतो, की तो चढवला होता का? मी सगळ्यांना विचारत फिरलो, तू काय टाकलंस. तुला विचारायचं राहिलं, की तू काय दिलंस."

योगिनीने गॅस बारीक केला.

"पहिली गोष्ट धनेशनेच सांगितली. विरोध करणाऱ्याला हळकुंड होतं. गुपचूप टाकता येत होतं, तसं काम होत होतं. मग दोन्ही मुठी रिकाम्या घालून बोभाटा कोण करेल? एकच माणूस करेल. ज्याला नाही म्हणायचं आहे आणि ज्याच्याकडे नाही म्हणायला हळकुंडच नाही."

"काका..."

"दुसरी गोष्ट कप. हळद सगळ्यांच्या हाताला लागली होती. तुझ्यासुद्धा. एक कप स्वच्छ होता, तो मी माझ्या हाताने कचऱ्यात टाकला. धनेश त्याची कोपी घेऊन आला होता, त्याचा कपच नव्हता. सुचित्राच्या कपाला लिपस्टिक असते. रवींद्र कपाचा काठ कुरतडतो. माझी बोटं परवापर्यंत पिवळी होती, तुझी अजून आहेत. त्या स्वच्छ कपाला ना लिपस्टिक होती, ना त्याचा काठ चावलेला होता. राहिली विनीता. तिच्या हाताला हळद लागलीच नाही. कारण तू तिच्या हातावर हळकुंड ठेवलंच नाहीस."

चहा उतू गेला. योगिनीने तो पुसला नाही. तिने वरच्या फळीवरून पूजेच्या सामानाचा डबा काढला आणि उघडला. कापूर, वाती, जानवं आणि एक हळकुंड.

"मी पाचच काढली होती," ती म्हणाली. "तिच्यापाशी पोचले आणि हात थांबला. एका क्षणात झालं सगळं. हळद कशी ठेवायची तिच्या हातावर? तिला किती लागलं असतं! सुपारी ठेवली आणि पुढे गेले. तिने मूठ मिटली. काही बोललीसुद्धा नाही."

"आणि चार हळकुंडं निघाली तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? सगळ्यांसमोर सांगू, की मी हिला हळद दिली नाही? तिचीच शोभा झाली असती. मला वाटलं, धनेशने सुपारी दाबली. खरंच वाटलं. विनीता असं करेल असं स्वप्नातही आलं नाही. तिच्याचसाठी तर आहे ना ठराव! मी तीन महिने खपले त्याच्यावर. तिला हळकुंडाची गरजच कुठे होती?"

हे वाक्य तिचं तिला ऐकू आलं असेल, या आशेने शामकांतांनी तिच्याकडे बघितलं.

योगिनी वेगळ्याच विचारात होती. तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसताच तिचा चेहरा उजळत गेला.

"पण मग काका, हे बरंच झालं की. म्हणजे धनेश सुटला. चार सुपाऱ्या तांब्यात आल्या. आणि विनीताकडे काय आहे? सुपारीच! दुसरं काही नव्हतंच तिच्या हातात. म्हणजे तिचं मत दुसरं कसलं असणार? तांब्यात पडायचं राहिलं एवढंच. पाचही मतं आपल्या बाजूची."

"आपल्या?"

"ठरावाच्या. पुन्हा मत घ्यायलाच नको. कुणाची चर्चा नको, कुणाला दुखवणं नको."

"योगिनी, थांब. तिला विचार आधी."

"विचारायचं काय त्यात? तिला अवघडल्यासारखं होईल." ती मोबाइलवर टाइप करत होती. तिची बोटं अजून पिवळी होती. शामकांतांच्या खिशात मोबाइल वाजला. नव्या ग्रुपवर नाही, जुन्या, सहा जणांच्या ग्रुपवर निरोप आला होता.

एक सुपारी सोफ्याखाली सापडली. ओट्याचा एकमताने पाठिंबा. सर्वांचे आभार. धनेश, गैरसमजाबद्दल सॉरी हं.

खाली हात जोडल्याचं चित्र. मग रवींद्रचा अंगठा. मग सुचित्राचा. धनेशने काहीच पाठवलं नाही.

शामकांतांनी चहा घेतला नाही. लिफ्टपर्यंत योगिनी त्यांच्याबरोबर आली.

"तुम्ही नाराज आहात," ती म्हणाली. "पण काका, तुम्हीच सांगा. तिचा वर्ग वाचला की नाही?"

लिफ्ट आली. शामकांतांनी आत जाऊन तळमजल्याचं बटण दाबलं.

पाचवी मूठ, पुन्हा

शनिवारी वुडलँड्सच्या ब्लॉकखाली मुलं धावत होती. खांबांना मंडळाचा फलक दोऱ्याने बांधलेला होता. वर्ग सुटला होता तरी दोन मुली बाकावरून उठायला तयार नव्हत्या.

"टीचर, नेक्स्ट वीक गॉट क्लास ऑर नॉट?"

"मराठीत विचार."

"पुढच्या... शनिवारी... क्लास आहे का नाही, टीचर?"

"माहीत नाही," विनीता मराठीत म्हणाली. मुली तिच्याकडे बघत राहिल्या. मोठी माणसं असं उत्तर देत नाहीत.

त्या गेल्यावर शामकांत सिमेंटच्या बाकावर बसले. ओटा सुरू झाला तो हाच बाक. प्रबोध समोर बसायचा. बोटीवरून आला की पहिली संध्याकाळ इथे.

"माझं मत काय होतं ते मला काल मोबाइलवर कळलं, काका," विनीता म्हणाली.

"मी तिला थांबायला सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंच असणार." तिने पर्समधून सुपारी काढली आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवली. "ही सोफ्याखाली सापडलेली."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय म्हणू? मला हळद द्या म्हणू? चार माणसांत?" तिचा आवाज चढला नाही. "हातावर सुपारी पडली. मी वाट बघितली. ती पुढे सरकली. तुम्ही सगळ्यांनी हात मागे घेतले, दोन मुठी केल्या. मीही दोन केल्या. एकीत सुपारी, एकीत काही नाही. इतकं नीट कुणी मला सांगितलं नव्हतं, माझ्याकडे काय उरलंय ते."

शामकांतांनी बाकावरच्या सुपारीकडे बघितलं.

"मग तांब्यापाशी गेले. वाटलं, टाकून द्यावी. वर्ग आहे, मुलं आहेत. पण काका, हातात एकच असेल तर ती टाकणं म्हणजे काय? विमानात एकच जेवण उरलेलं असतं आणि हवाई सुंदरी ते पुढ्यात ठेवते, ते खाल्ल्यासारखं. त्याला मत म्हणतात?"

"तुझ्याकडे हळकुंड असतं तर?"

"तर सुपारीच टाकली असती," विनीता म्हणाली. "मला ठराव हवाच होता. हे तिला कधीच कळणार नाही."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी धुतलेले कपडे बांबूवर घालून बाहेर सरकवत होतं. इतके दिवस धुरामुळे कुणी वाळत घातले नव्हते.

"मी ओट्यावर सांगतो," शामकांत म्हणाले. "पुन्हा मत घेऊ. नीट."

"घ्याल. मग ती मला दोन्ही देईल. निवडून चांगलं जाडजूड हळकुंड देईल. कुणीतरी फोटो काढेल. विनीताताईंच्या हातावर हळद, किती पुढारलेलं मंडळ आपलं! खाली दोनशे अंगठे." तिने सुपारी उचलून परत पर्समध्ये टाकली. "नको. धनेश सुटला ना? तेवढं पुरे."

"आणि उद्या सभेत?"

"उद्या मला मत आहे," ती म्हणाली. "डिसेंबरपर्यंत प्रबोधचं नाव आहे. त्याच्या नावाचं मत आजवर तोच द्यायचा. बोटीवर असला की कोरं राहायचं. उद्या मी देणार."

उघडा हात

सभेला साडेतीनशे माणसं आली होती. हॉलच्या दारात गणपतीच्या प्रसादातून उरलेल्या तांदळाची पोती आणि कुणाच्या तरी मुलांच्या स्कूटर्स. योगिनी अध्यक्ष झाली. टाळ्या झाल्या. तिने पहिलाच ठराव हाती घेतला. हा फक्त नियम नाही, ही आपल्या भगिनींच्या सन्मानाची गोष्ट आहे, असं ती म्हणाली. बोलताना तिने डोळे टिपले. ते खोटं नव्हतं. म्हणूनच शामकांतांना ऐकवेना.

"ओट्याचा याला एकमताने पाठिंबा आहे," ती म्हणाली. "आणि आपल्या विनीताताई स्वतः इथे आहेत. समोरच बसल्या आहेत."

लोकांनी वळून बघितलं. पुन्हा टाळ्या.

"अनुकूल?"

हात वर गेले. शेकडो. धनेशचा गेला, रवींद्रचा, सुचित्राचा. शामकांतांचा उजवा हात मांडीवरून उठला नाही. तो उठावा असंही त्यांना वाटत होतं. ठराव चांगला होता.

"प्रतिकूल?" योगिनीने रीत म्हणून विचारलं. ती पुढचं पान उलटत होती.

पहिल्या रांगेत एक हात वर गेला.

आधी कुणाला कळलंच नाही. कुणीतरी हसलं, ताई गडबडल्या वाटतं. मागून एक बाई म्हणाली, "अहो, आत्ता विरोधाचं चाललंय, खाली घ्या हात!" विनीताने हात खाली घेतला नाही. तो ताठ होता. बोटं पसरलेली होती. तळहातावर काही नव्हतं.

योगिनी व्यासपीठावरून तो हात बघत राहिली. मग खाली वाकून, माइक हाताने झाकून, हळूच म्हणाली, "विनीता, अगं, हा तुझाच ठराव आहे."

"नाही," विनीता म्हणाली. माइक झाकलेला होता तरी ते मागपर्यंत ऐकू गेलं. "हा तुमचा आहे. माझं हे आहे."

"मोजा," शामकांत जागेवरून म्हणाले.

"काका, एक मत आहे फक्त."

"मोजा," ते पुन्हा म्हणाले.

सचिवाच्या खुर्चीवरून रवींद्रने लिहून घेतलं. प्रतिकूल, एक. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विनीताचं सभासदत्व तिच्या नावावर कायम झालं. पुढच्या शनिवारी वुडलँड्सच्या खांबाला मंडळाचा फलक होता आणि खाली वीस मुलं उभी होती. त्यांना शिकवायला मंडळाने सुचित्राला पाठवलं होतं. कारण सभा संपल्यावर सगळे चहाकडे वळले, तेव्हा विनीताने, वर्ग तुम्ही वाचवलात, तुम्हीच सांभाळा, असं म्हणून वर्गाच्या फळ्याच्या कपाटाची किल्ली योगिनीसमोर ठेवली होती. किल्लीशेजारी ती पर्समधली सुपारी.

योगिनीने किल्ली घेतली. सुपारीला हात लावायला ती धजली नाही. टेबलं घडी करायला आलेल्या माणसांनी ती बाकीच्या कचऱ्याबरोबर झाडून नेली.